इंदूताईंची झाकली मूठ

भुसावळहून झाशीला बदली झाली तेव्हा मी बरीच आदळआपट केली होती. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना माणसाला असं उचलून टाकू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. रेल्वेनं ते ऐकलं नाही. माझ्या बायकोनं, शारदानं, मात्र सदर बाजाराच्या मागं एका मराठी बाईंच्या घराचा वरचा मजला शोधून काढला आणि वर्षभरात माझी साखर वाढली. कारण त्या घरात पेढे कधी संपतच नसत.

पेढ्यांचं मूळ खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंत होतं. त्यांचं नाव इंदू. परदेशात पुढचं शिकायला जाणाऱ्या मुलांना त्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करत. पुढच्या खोलीत चार संगणक आणि एक फळा, एवढाच त्यांचा क्लास. मुलाला प्रवेश मिळाला की तो पेढ्यांचा डबा घेऊन येई, वाकून पाया पडे, "दीदी, सब आपकी वजह से" म्हणे आणि निघून जाई. इंदूताई स्वतः पेढ्याला शिवत नसत. डबा तसाच्या तसा जिना चढून आमच्याकडे यायचा. "नारायणरावजी, अजून एक गेला," असं म्हणून त्या तो माझ्या हातात द्यायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच होतो.

राव लावल्यावर पुन्हा जी कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं. "राव तुमच्याकडचं, जी आमच्याकडचं," त्या म्हणाल्या. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या कारभारात कारकून म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे त्यांची मराठी अशी, की 'फडताळातून शक्कर काढा' हे एकाच दमात. फडताळ माझ्या आजीबरोबर गेलेलं, ते मला झाशीत सापडलं. शारदा हसायची. मी मात्र त्यांची मराठी सुधारायला जायचो आणि दर वेळी हात हलवत परत यायचो.

त्यांच्या त्या परीक्षेचं नाव जीआरई. मला परीक्षा म्हणजे शंभरापैकी किती, एवढंच ठाऊक. त्यांनी एकदा चहा पिता पिता सगळं समजावलं. अमेरिकेत वरच्या शिक्षणाला जायचं तर जगभरची मुलं ही एकच परीक्षा देतात, म्हणजे झाशीच्या मुलाला आणि जपानच्या मुलाला एकाच मापानं मोजता यावं. एक भाग भाषेचा, एक गणिताचा, शिवाय थोडं लेखन. भाषेला आणि गणिताला एकशे तीसपासून एकशे सत्तरपर्यंत गुण.

"म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी एकशे तीस?"

"तरी एकशे तीस."

ही पद्धत मला फारच आवडली. आमच्या मास्तरांना सुचली असती तर माझ्या पाठीची बरीच कातडी वाचली असती.

"खुश होऊ नका," इंदूताई म्हणाल्या. "एकशे तीस म्हणजे सगळे तुमच्या पुढे. इथे तुम्हाला किती मिळाले ते कोणी बघत नाही. तुमच्या मागे किती जण राहिले ते बघतात. शेकडा किती मागे, तो आकडापण निकालात येतो."

हे मला आवडलं नाही, पण चहा त्यांचा होता.

त्यांच्या मागे किंवा पुढे कुणीच नव्हतं. आईवडील गेलेले, भावंडं नाहीत, लग्न केलेलं नाही. मुलं पहिल्या वर्षी गुरुपौर्णिमेला फोन करतात, दुसऱ्या वर्षी मेसेज पाठवतात आणि मग त्यांची लग्नं होतात. इंदूताईंना याचा राग नव्हता. मला होता. मी त्या मुलांचेच पेढे खात त्यांच्यावर रागवायचो. रविवारी क्लास बंद असला की खालून आवाज म्हणून येत नसे. मला आधी ते बरं वाटायचं. मग शारदा एकदा म्हणाली, "अहो, रविवारी त्या दिवसभर कुणाशी एक शब्द बोलत नाहीत." त्यानंतर मला ती शांतता सहन होईना. गणपतीत त्या आम्हाला आरतीला खाली बोलवायच्या. म्हणायच्या, "एकटीनं आरती म्हणायला कसंसंच होतं हो. आवाज कुठे ठेवावा कळत नाही." मग मी बेसूर आवाजात, टाळ्या चुकवत, त्यांच्यासाठी घसा फोडायचो.

अशाच एका रविवारी पाण्याची मोटर जळाल्याची तक्रार घेऊन मी खाली गेलो. इंदूताई संगणकासमोर बसून सरावाची परीक्षा देत होत्या. घड्याळ टेबलावर काढून ठेवलेलं, पाठ ताठ, कपाळाला आठी. मी दारातच थांबलो. परीक्षा संपली आणि पडद्यावर दोन चौकटी आल्या. त्यांनी त्यातली एक दाबली आणि पडदा कोरा झाला.

"किती पडले?" मी विचारलं.

"पाहिले नाहीत."

"मग देता कशाला?"

"मुलांना काय विचारतात ते कळायला हवं ना."

कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. मीही रेल्वेत चौकशी समित्यांपुढे पुष्कळ खरी कारणं दिलेली आहेत. मोटरची गोष्ट काढून मी वर आलो.

खरं कारण बाहेर काढलं दुर्गानं. दुर्गा टहरौली गावची, बुंदेली बोलणारी शेतकऱ्याची मुलगी. संख्याशास्त्र शिकलेली आणि बोलायला फटकळ. मला ती आवडायची. एका दुपारी मी फाटकाशी स्कूटर पुसत होतो तेव्हा ती सरावाची परीक्षा अर्ध्यात टाकून बाहेर आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. इंदूताई मागोमाग आल्या.

"हमसें नईं हो रओ, दीदी. पहलो भाग ठीक गओ तो. दूसरे में एकदम कठिन सवाल आ गए. मतलब हम तो पहले में ही डूब गए."

"उलटा है, पगली," इंदूताई म्हणाल्या. "पहला अच्छा गया, इसीलिए दूसरा कठिन आया. मशीन ने तुझे ऊपर वाली सीढ़ी पर बिठा दिया. आसान आता, तब रोना था."

दुर्गानं डोळे पुसले. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपके कित्ते आए ते, दीदी?"

इतकी मुलं त्या घरातून शिकून गेली, पण हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. इंदूताईंचा हात तिच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला.

"हमने देखे नहीं."

"तो फिर सें दे दो," दुर्गा म्हणाली. "अब तो घर सें भी होत है." आणि ती आत जाऊन उरलेली परीक्षा द्यायला बसली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्या संध्याकाळी इंदूताई पेढ्यांशिवाय वर आल्या. असं पहिल्यांदाच झालं होतं. शारदानं चहा टाकला आणि त्या बोलत राहिल्या.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. त्या तेवीस वर्षांच्या. परीक्षा द्यायला दिल्लीला जायचं होतं. वडील, अनंतराव, कॉलेजात मोठे कारकून, मुलीला घेऊन निघाले. गाडीत म्हणाले, "इंदू, कमी पडले तर गावभर सांगत बसू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची." जुन्या घराण्याचा पीळ फार, आणि चारचौघांत नापास दिसण्यापेक्षा मरण बरं अशी त्या घराची रीत.

"आणि तेव्हाची परीक्षा आणखी बेरकी होती," इंदूताई म्हणाल्या. "एक उत्तर बरोबर आलं की मशीन पुढचा प्रश्न त्याहून कठीण द्यायची. चुकलं की सोपा. मागे फिरता यायचं नाही. झाशीत हे सांगणारं कोणी नव्हतं. मी जुन्या पुस्तकावरून तयारी केलेली, कागदावरच्या परीक्षेची. आपल्याकडे कसं, सोपं आधी सोडवायचं, आणि सगळंच कठीण दिसायला लागलं की समजायचं आपलं आटोपलं. तिथे एकेक प्रश्न आधीच्यापेक्षा वाईट येत गेला. मला वाटलं, मी बुडाले. शेवटी पडद्यावर विचारलं, गुण पाहायचे की परीक्षा रद्द करायची? पाहिले तर ते कायमचे नोंदले जाणार. रद्द केली तर कोणालाच कळणार नाहीत, मलापण नाही. मला बाबांचं बोलणं आठवलं. मी रद्द केली."

चहा निवत होता. कुणी प्यायलं नाही.

"बाहेर बाबा उभे होते. मी म्हटलं, नाही जमलं. ते म्हणाले, जाऊ दे बाळ. पण नारायणरावजी, मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना बरं वाटलं होतं."

मला त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नका. खालच्या खोलीत त्यांचा फोटो होता, पगडीबिगडी नाही, साधा कोट घातलेला सज्जन गृहस्थ. इंदूताईंना मात्र राग नव्हता. "एकच मुलगी होती त्यांची. बरं वाटणारच," त्या म्हणाल्या. पुढे काही महिन्यांनी कुठल्याशा मासिकात त्यांना ती मशीन कशी चालते ते वाचायला मिळालं. तोपर्यंत अनंतरावांनी नातेवाइकांत सांगून टाकलं होतं की आमची इंदू कुठे जायची नाही. मग आईचं आजारपण आलं, मग बाबांचं. "आणि त्यानंतर, जा किंवा नको जाऊ म्हणणारंच कोणी राहिलं नाही."

"आता जायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"छे. कुठे जाते या वयात! मला फक्त एवढंच कळायला हवं की मला जमलं असतं का. मी राहिले ते लायकी नव्हती म्हणून, की उगीच? रोज झोपताना हे एकच डोक्यात येतं."

"मग देऊन टाका परीक्षा," शारदा म्हणाली.

"आत्ता देऊन तेव्हाचं कसं कळणार?"

"तेव्हाचं राहू दे. आत्ताचं तरी कळेल." शारदाला फार खोलात जायची सवय नाही आणि पुष्कळदा तेच बरोबर असतं.

दुर्गाला प्रवेश मिळाला. पेढे आले. इंदूताई कधी कुणाला पोहोचवायला स्टेशनवर जात नसत, तिला पोहोचवायला गेल्या. परत आल्यावर दोन दिवस क्लास बंद ठेवला, आणि मग परीक्षेला नाव घातलं.

घरून परीक्षा म्हणजे आपलं घर, आपली खुर्ची, मजा, असं मला वाटलं होतं. कसली मजा! खोलीत माणूस नको. टेबलावर कागद नको, फक्त पुसता येणारी एक पाटी. कान दिसले पाहिजेत म्हणून केस मागे बांधायचे. कुठला तरी परीक्षक संगणकाच्या कॅमेऱ्यातून बघणार, सुरुवातीला सगळी खोली फिरवून दाखवायची, अगदी टेबलाखालीसुद्धा. मध्येच कुणी खोलीत आलं तर परीक्षा बाद. सगळं मिळून जवळजवळ चार तास. इन्व्हर्टरचं पाणी मी स्वतः भरलं. इंदूताईंनी भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवून फडताळात ठेवला.

"फोटोपण चालत नाही?" मी विचारलं.

"चालतो. मीच काढला."

आम्ही वर असायला त्यांची हरकत नव्हती. पण शारदानं ठरवलं की आपण घरात थांबायचंच नाही. तुमचा खोकला, माझा कुकर, कुणी वरची कडी वाजवली तर, नकोच ते. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळीच आम्ही बसनं बरुआसागरला गेलो. तळ्याकाठी बसलो, किल्ला चढलो, बरोबर नेलेल्या पुऱ्या खाल्ल्या. मी वाटेल त्या कारणावरून कुरकुर करत होतो. खरं म्हणजे माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. चाळीस वर्षं नोकरी केली, पण स्वतःच्या बढतीच्या परीक्षेलाही मला असं झालं नव्हतं. दुपारी फोन करू म्हणून खिशात हात घातला तर फोन नव्हता. चार्जिंगला लावून घरीच विसरलो होतो. शारदा फोन वापरत नाही. परतीची बस अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. तिथल्या बाजारात घेतलेलं ताजं आलं पिशवीत घेऊन आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

घरात दिवा नव्हता. इंदूताई जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, केस अजून तसेच कानामागे ओढून बांधलेले, मांडीवर पेढ्यांचा डबा. डब्याचा दोरा सोडलेला नव्हता.

"कधीपासून बसलात?" शारदानं विचारलं.

"दुपारपासून." त्या हसल्या. "तुम्हाला फोन केला. तर वरच वाजला. मी इथे बसून ऐकत होते. पुन्हा केला, पुन्हा वरच वाजला. मला वाटलं, दुर्गाला सांगावं, तर तिकडे पहाट झाली नसेल. मग कोणाला सांगावं, आठवेना."

मी आल्याची पिशवी खाली ठेवली. "पण झालं काय?"

"शेवटी तेच विचारलं मशीननं. तेच, नारायणरावजी. पाहायचे की रद्द करायचे. सवयीनं रद्द दाबेन म्हणून मी हात टेबलाखाली घेतला होता. मग पाहिले. भाषेत एकशे पासष्ट. गणितात एकशे सदुसष्ट."

"किती पैकी?" हे माझ्या तोंडून गेलं. सवय जात नाही.

"एकशे सत्तर पैकी."

शारदानं टाळी वाजवली. मी काहीतरी मोठ्यानं बोललो, बहुधा शाबास म्हणालो. इंदूताई मात्र डब्याकडे बघत राहिल्या.

"वाईट आले असते तर मी सुटले असते हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं, चला, नव्हतंच आपल्यात काही. आता काय म्हणू? दुसऱ्या भागात एकेक प्रश्न कठीण येत होता आणि मला कळत होतं, चांगलं चाललंय. तेव्हापण असंच आलं होतं. अगदी असंच."

तेव्हाची परीक्षा वेगळी होती, यावरून तेव्हाचं काही सिद्ध होत नाही, असं मी म्हणणार होतो. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"तो कॅमेऱ्यातला मनुष्य सुरुवातीला विचारत होता, घरात आणखी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. मध्येच कोणी येईल? म्हटलं, नाही, कोणी येत नाही. तर म्हणाला, परफेक्ट." हे सांगताना त्यांना हसू आलं आणि मग त्या रडायला लागल्या. लहान मुलांसारखं, आवाज करून. इतक्या वर्षांत मी खालून त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

शारदा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. रडणं ओसरल्यावर इंदूताईंनी डब्याचा दोरा सोडला, उठल्या, डबा शारदाच्या हातात दिला आणि वाकून तिच्या पाया पडल्या. "घरात मोठं कोणी नाही," म्हणाल्या. शारदा त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठी. एरवी कुणी पाया पडायला लागलं की ती लाजून मागे सरते, त्या दिवशी सरली नाही. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग डब्यातला पहिला पेढा त्यांच्याच तोंडात घातला. त्यांनी तो खाल्ला. सगळा खाल्ला.

"सदरमध्ये डबा घ्यायला गेले ना," पेढा संपवून त्या म्हणाल्या, "तर हलवाई मला ओळखतो. सगळी मुलं त्याच्याकडूनच डबे आणतात. विचारायला लागला, दीदी, आज खुद आईं? कौन गया?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, कोई नहीं गया, भैया. हम यहीं हैं."